नऊ स्लिंग आणि एक बादली

पावसाळ्यात सुळके ओले, मोहिमा बंद, म्हणून लोकांना वाटतं आमची गिर्यारोहणाची साहित्यखोली झोपलेली असते. उलट याच दिवसांत दोर धुऊन सावलीत वाळवायचे, कॅराबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या उघडत्या कड्यांच्या, बिजागऱ्यांतली माती काढायची आणि पोरांनी घरी बनवलेल्या वस्तू तपासायच्या. चढताना हाताला लावायच्या पावडरची चॉक बॅग, बोटांच्या सरावाची २० मिमी खाचेची फळी, असलं काहीही आणा, मी कौतुकच करते. चॉक बॅगेची शिवण उसवली तर पावडर सांडते, एवढंच.

गेल्या रविवारी एकानं घरी शिवलेल्या नऊ स्लिंग आणल्या. स्लिंग म्हणजे टोकं जोडून गोल केलेला, चढताना दोर किंवा स्वतःला अडकवायचा पट्टा. २५ मिमी पट्टा, प्रत्येकी ६० सेंमी, जोडावर चौकोन आणि त्यात फुली अशी शिवण. इतकी सरळ की मला क्षणभर हेवाच वाटला. पट्टा पुण्याच्या बोहरी आळीतला, बॅगांना लावतात तसला. घेताना त्यानं त्यावरच्या तीन लाल रेषा मोजल्या होत्या. गिर्यारोहणाच्या टेपवर, म्हणजे खास पट्ट्यावर, अशी एक रेषा म्हणजे ५ किलोन्यूटन (साधारण पाचशे किलो) ताकद, म्हणजे तीन रेषांचे १५, हे त्याला माहीत होतं. अर्धं ज्ञान ते हेच. बॅगांच्या पट्ट्यावर रेषा नुसत्या शोभेला असतात.

एका स्लिंगचा बोटभर तुकडा कापून बादलीत टाकला आणि पाण्याखाली चांगला चुरगाळला, कारण विणीत हवा अडकली तर काहीही तरंगतं. सोडला तर वर आला. नायलॉन बुडतं, पॉलिप्रॉपिलीन तरंगतं. ते साधारण १६५ अंशांना वितळतं, नायलॉनला दोनशेच्या वर जावं लागतं. त्यामुळे अशा पट्ट्यावर दोर घासला तर पट्टाच तापून लवकर कापला जातो. मात्र बुडाला म्हणून पट्टा पास असं नाही, पॉलिस्टरही बुडतं.

मग दोन स्लिंग चेनपुलीला लावल्या, मध्ये वजनाचा लटकता काटा. काटा तीनशे किलोच्या पुढे सरकला आणि पट्टा शाबूत असताना शिवणच टराटरा उसवत गेली. कंपनीच्या शिवलेल्या स्लिंगला २२ किलोन्यूटन, म्हणजे सव्वादोन हजार किलोंच्या आसपास, सोसावं लागतं. तिथे जाड धाग्याचे दाट आडवे टाके असतात, तेही वेगळ्या रंगाचे, म्हणजे एखादा तुटला की दिसतो. यानं काळ्या पट्ट्यावर काळाच धागा वापरला होता.

"पण ताई, मी यावर लटकलोय. धरलंच की."

धरणारच. सत्तर किलोंचं अंग शांतपणे लटकलं तर साधी दोरीही धरेल. पडल्यावरचा झटका कित्येक पट असतो. घरीच करायची तर गिर्यारोहणाची नायलॉन टेप घे, शिवू नकोस, वॉटर नॉट, म्हणजे पट्ट्याची दोन टोकं जोडायची गाठ, मार, दोन्ही शेपट्या, म्हणजे गाठीबाहेर उरलेली टोकं, किमान ८ सेंमी ठेव, अंगाचं वजन टाकून गाठ आवळ आणि प्रत्येक वापराआधी शेपट्या बघ, त्या हळूहळू आत सरकतात. हे त्याला सांगितलं. ऐकत होता, पण बघत होता शिवणीकडे. दोन संध्याकाळी गेल्या होत्या म्हणे त्यात.

बाद साहित्याचे फूटभराचे तुकडे करायचे, तेही आपल्या डोळ्यांसमोर, हा माझाच नियम. पण तेवढ्यात एका शाळेचा फोन आला. त्यांना शंभर मुलांचं रॅपलिंग, म्हणजे दोरावरून कडा उतरणं, हवं होतं, तेही ऑगस्टात आणि स्वस्तात! मी कात्री त्याच्या हातात दिली आणि बाहेर गेले. परतले तेव्हा तो निघाला होता, बादलीशेजारी तुकड्यांचा ढीग.

संध्याकाळी कचरा भरताना जोड मोजले. एका स्लिंगला एकच जोड. आठ भरले.

फोन केला. "हो ताई, एक ठेवलीय, घरी सॅक टांगायला."

सॅक टांगायला खिळा पुरतो, ती इथे आणून दे, म्हटलं. उद्या आणतो म्हणाला. आज गुरुवार.