कढीपत्त्यावरची 'घाण'
आज दिवसभर कुंड्या भरल्या. देशी झाड म्हणून गुलमोहर लावू नका, तो मादागास्करचा! बाल्कनीत कढीपत्ता, निरगुडी, अडुळसा बघा.

कढीपत्त्याला 14 इंची कुंडी, दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग जाडी वाळू. तळाचं भोक खापरीने झाका, बुजवू नका. पाणी साचलं की मुळं कुजतात. मोठ्या झाडालगतचा फुटवा नुसता उपटला तर बहुधा मरतो, कारण त्याला स्वतःची पुरेशी मुळं नसतात. निरगुडीची मात्र वीतभर फांदीही पावसाळ्यात जगते.

कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसलं तर फवारू नका. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. पानं खाईल, खाऊ द्या. झाड पुन्हा फुटतं.