आर१६ : तबला पोकळ वाजण्याचं मूळ सापडलं

पोकळपणा गेला! झूम आर१६ या मल्टिट्रॅक रेकॉर्डरवर तबल्याचा ट्रॅक सोलो (एकटाच) ऐकला तर ठणठणीत आणि गायनाचा फेडर (आवाजाची सरकपट्टी) वर नेला की त्यातला जीवच जातो, हे कोडं सुटलं.

जोडणी मागचीच आहे: ३ वर तबला, ४ वर डग्गा (दोन्हींना एसएम५७ माइक), ५ वर गायन, ६ वर पेटी, ७ वर इलेक्ट्रॉनिक तानपुरा थेट लाइनने. कंडेन्सर माइक ५ आणि ६ लाच, कारण त्याला लागणारी वीज, म्हणजे फँटम, आर१६ तिथेच देतो.

दोष केबलचा नाही, प्रीअँपचाही नाही. तो मेजपट्टीने सापडला. तबल्याचा माइक पुडीपासून १५ सेंमीवर, गायनाचा माइक त्याच पुडीपासून ७७ सेंमीवर. फरक ६२ सेंमी, म्हणजे १.८ मिलिसेकंद. तेवढ्या उशिराने तोच बोल गायनाच्या ट्रॅकवर पुन्हा उमटतो. दोन्ही मिसळले की लहरी एकमेकींना मारतात आणि २७७ हर्ट्झवर खड्डा पडतो, मग ८३१ वर, मग १३८६ वर. आणि तबला होता काळी एकचा, ज्याचा सा २७७ हर्ट्झ! नेमका सूरच कापला जात होता.

पहिला उपाय कॉम्प्युटरवरचा. टेकच्या सुरुवातीला एकच चाट रेकॉर्ड करायची आणि रीपर या रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये तबल्याचा ट्रॅक ८० सँपल उशिरा सरकवायचा. गायनाशी तो जुळतो, पण पेटीच्या माइकचं अंतर वेगळं, तिथे नवा खड्डा पडतो. तीन माइक, तीन अंतरं. सरकवून सगळी जुळत नाहीत.

खरं कारण बैठकीत आहे. तबलजी गायकाच्या उजव्या हाताला बसले की गायनाच्या माइकच्या दृष्टीने ते साधारण ९० अंशांवर येतात आणि कार्डिऑइड (समोरून जास्त, मागून कमी ऐकणारा माइक) तिथे जेमतेम ६ डेसिबल कमी ऐकतो. गळती मुख्य आवाजापेक्षा १० डेसिबल खाली असेल तर खड्डा ३ डेसिबलहून थोडा खोल पडतो. २० खाली नेली तर १ डेसिबलच्या आत येतो. नेहमीचा एकास तीनचा नियम (दुसरा माइक तिप्पट दूर ठेवण्याचा) पाळूनही साडेनऊच डेसिबल मिळतात, म्हणून तो इथे पुरत नाही.

तेव्हा तबलजींना गायकाच्या समोर, माइकच्या बरोबर पाठीमागे बसवलं. माइक छातीच्या उंचीवर, तोंडाकडे वर वळवलेला. त्यामुळे त्याचं शेपूट आपोआप तबल्याकडे झुकतं. गायनाच्या ट्रॅकवर चाट आता दूरच्या खोलीतून आल्यासारखी येते. शिवाय दोघं एकमेकांसमोर असल्याने सम देखणी येते, हा वेगळाच फायदा. डग्गा अजून थोडा झिरपतो, कारण खालच्या सुरांत कार्डिऑइडची पाठ तितकी बंद नसते. मिक्समध्ये गायनाला ८० हर्ट्झचा लो-कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) पुरतो. त्याहून वर नेऊ नका. काळी एकच्या पुरुषी गळ्याचा मंद्र पंचम १०४ वर असतो.

गेन ठेक्यावर लावू नका, जोरकस तिहाई आणि डग्ग्याचा घिस्सा वाजवून घ्या आणि शिखर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा. २४ बिटमध्ये एवढी जागा सोडायला काहीच हरकत नाही. पाच ट्रॅकना तासाला सुमारे २.४ जीबी लागतात. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं एसडीएचसीच घ्या आणि बैठकीआधी एच२टेस्टडब्ल्यू या कार्ड तपासणाऱ्या प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा. स्वस्तातल्या ऑनलाइन कार्डांवर माझा अजिबात विश्वास नाही.

पुढचं काम पेटी नंतर वेगळी वाजवून ओव्हरडब करण्याचं ठरलं होतं. ते रद्द, कारण गळ्यामागून जाणारी साथ हेडफोन लावून नंतर वाजवली की निर्जीव होते. हे लिहिता लिहिता दुसरं सुचलं: गायनाला बीटा ५८ए माइक. तो सुपरकार्डिऑइड आहे, सर्वांत बहिरा १२० अंशांच्या आसपास, आणि तेही दोन्ही बाजूंना. म्हणजे तबला बरोबर मागे ठेवायचा नाही, कारण तिथे त्याला पुन्हा ऐकू येतं. तबला एका बाजूला १२० वर, पेटी दुसऱ्या बाजूला १२० वर. माइक डायनॅमिक (फँटम न लागणारा) असल्याने ५ चं फँटम मोकळं राहतं. गायन १ वर हलवून ५ वर डग्ग्याला कंडेन्सर लावून पाहणार आहे.