अळी मेली, तेव्हा मला कळलं

फळ्यावर अपूर्णांकाचं गणित मांडत होते. उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला आणि खडू खाली पडला. मग मनगट, कोपर, खांदा. हात माझाच, पण माझं ऐकत नव्हता. पुढचं आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा जीभ चावली गेली होती, नाकाशी कुणीतरी फोडलेला कांदा धरला होता आणि चौथीची मुलं दारात रडत उभी होती.

मी बार्शी तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. वय ३४. त्याआधी कधी फिट आलेली नव्हती. सीटी स्कॅनमध्ये मेंदूच्या डाव्या बाजूला, पृष्ठभागाजवळ एक बारीक कडं आणि त्याभोवती सूज दिसली. पहिल्या दवाखान्यात ‘टीबीची गाठ वाटते, लगेच औषधं सुरू करू’ म्हणाले. आपल्याकडे टीबी इतका, की कडं दिसल्यावर ती शंका येणारच. पण ती औषधं कित्येक महिने घ्यायची असतात. भाऊ अडून बसला आणि आम्ही पुण्याला मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो.

त्यांनी एमआरआय करायला लावला. टीबीची गाठ बहुधा मोठी असते, माझं कडं जेमतेम ९ मिलिमीटरचं होतं. शिवाय त्याच्या आत एक ठिपका होता. डॉक्टरांनी पेनाचं टोक त्यावर ठेवलं आणि म्हणाले, “हे तिचं डोकं.” पट्टकृमीच्या, म्हणजे पट्टीसारख्या लांब जंताच्या, अळीचं. आजाराचं नाव न्यूरोसिस्टिसर्कोसिस.

घरी सांगितलं आणि स्वयंपाकघर एकदम गप्प झालं. आमचं घर माळकरी. मामंजी पंढरीची वारी चुकवत नाहीत, घरात अंडंसुद्धा येत नाही. कुणीतरी मोबाईलवर वाचून सांगितलं की हा डुकराच्या मांसातून येणारा जंत आहे. सासूबाईंनी एवढंच विचारलं, “ट्रेनिंगला गेलीस तेव्हा बाहेर काय खाल्लं होतंस गं?” फिटपेक्षा तो प्रश्न मला जास्त लागला.

म्हणून पुढच्या खेपेला मी त्यांना सोबत नेलं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. अळ्या असलेलं डुकराचं मांस नीट न शिजवता खाल्लं, तर माणसाच्या आतड्यात कित्येक फूट लांबीचा जंत वाढतो. त्या माणसाच्या शौचातून जंताची अंडी बाहेर पडतात. उघड्यावरची ती घाण डुकरानं खाल्ली की अळ्या डुकराच्या अंगात होतात. पण तीच अंडी न धुतलेल्या हातातून, पाण्यातून, कोथिंबिरीच्या जुडीतून माणसाच्या पोटात गेली, तर अळ्या माणसाच्या अंगात होतात. मांस खाणाऱ्याला आतड्यातला जंत होतो. मेंदूतली अळी कुणालाही होऊ शकते. सासूबाईंनी तो कागद घडी करून पिशवीत ठेवला. परत कधी विचारलं नाही.

मला मात्र दुसरीच गोष्ट छळत होती. ही शिरली कधी? अंडं पोटात फुटतं, इवलासा भ्रूण आतड्याची भिंत भेदून रक्तात उतरतो आणि रक्त नेईल तिथं रुजतो, स्नायूत, डोळ्यात, मेंदूत. तिथं पाण्यानं भरलेली पिशवी करून राहतो. जिवंत असेपर्यंत ती पिशवी शरीराच्या संरक्षक पेशींना दबवून ठेवणारे पदार्थ सोडत राहते. वर्षानुवर्षं काही म्हणता काही जाणवत नाही. माझ्या बाळंतपणाच्या वेळीही ती डोक्यात असेल का, याचं उत्तर कुणीच देऊ शकत नाही.

मग अळी म्हातारी होते. तिचं कवच झिरपतं, आतला द्रव बाहेर येतो आणि इतकी वर्षं बेसावध असलेलं शरीर तिच्यावर तुटून पडतं. माझी फिट आली ती या लढाईच्या सुजेतून.

औषध सुरू करण्याआधी डोळे तपासले. डोळ्यात अळी असेल आणि ती औषधानं मेली, तर सुजेनं नजर जाऊ शकते. डोळे स्वच्छ निघाले. फिटच्या गोळ्या होत्याच, त्यात सूज आवरण्यासाठी स्टिरॉइड आलं आणि मग अल्बेंडाझोल. पाकीट हातात घेतलं आणि थबकले. दरवर्षी १० फेब्रुवारीला, जंतनाशक दिनाला, हीच गोळी मी वर्गातल्या मुलांना चघळायला देते. मुलांना एकच असते. माझं वजन ५३ किलो, म्हणून ४०० मिलिग्रॅमच्या दिवसाला दोन, दहा दिवस. स्निग्ध जेवणासोबत ती अंगात जास्त शोषली जाते, म्हणून सासूबाई भातावर तूप वाढायच्या. कृपा करून कुणी ही गोळी अशी मनानं घेऊ नका. ज्यांच्या मेंदूत पुष्कळ अळ्या आणि खूप सूज असते, त्यांना ती जिवावर बेतू शकते.

तिसऱ्या दिवशी डोकं फुटेल असं दुखलं. अळी मरताना सूज वाढते हे आधीच सांगितलेलं होतं, तरी रात्रभर नवऱ्याचा हात धरून बसले. पाचव्या दिवशी उतार पडला.

घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणीही झाली. आतड्यात जंत असलेला माणूस घरातच असेल तर अंडी येतच राहतात. डबी हातात घेताना मामंजींना फार संकोच वाटला, पण ते सगळ्यांत आधी गेले. सगळ्यांचे रिपोर्ट स्वच्छ आले.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन झाला. सूज गेली होती, कडं गेलं होतं. त्या जागी चुन्याचा एक कण उरला आहे. या कणाभोवती कधीतरी पुन्हा सूज येऊन फिट येऊ शकते, म्हणून गोळ्या इतक्यात बंद नाहीत. सकाळी आठ, रात्री आठ. स्कूटी चालवायला अजून परवानगी नाही, नवरा शाळेत सोडतो. परवा मी सासूबाईंना ती फिल्म खिडकीच्या उजेडात धरून दाखवली. त्यांनी त्या कणावर बोट ठेवलं आणि विचारलं, “एवढीशीच होती?”