एक्सव्ही६ ३२-बिट रिस्क-फाइव्हवर: शेलपर्यंत मजल

एक्सव्ही६ ही एमआयटीची शिकवण्यासाठी बनवलेली, युनिक्ससारखी छोटी ऑपरेटिंग सिस्टिम. एमआयटीने २०१९ मध्ये ती एक्स८६ प्रोसेसर सोडून रिस्क-फाइव्ह या खुल्या प्रोसेसर-रचनेवर नेली, पण ६४-बिट. तीच क्यूईएमयू या एम्युलेटरच्या ‘व्हर्ट’ या आभासी मशीनवर ३२-बिटमध्ये उतरवायचं काम शेलच्या प्रॉम्प्टपर्यंत आलंय. आधाराला जुना कोड घेतलाय, ज्यात टायमर एम-मोडमध्ये (प्रोसेसरच्या सर्वाधिक अधिकारांच्या मोडमध्ये) हाताळतात.

सोपं आधी. आर्किटेक्चर आरव्ही३२आयएमए, एबीआय (फंक्शन-कॉल आणि डेटाच्या आकारांचे नियम) आयएलपी३२. असेंब्लीत एलडी-एसडी या ६४-बिट वाचण्या-लिहिण्याच्या सूचनांच्या जागी ३२-बिटच्या एलडब्ल्यू-एसडब्ल्यू, ऑफसेट निम्मे. ट्रॅपफ्रेममधला (कर्नलमध्ये शिरताना रजिस्टर्स जपायची जागा) ए० रजिस्टर ११२ वरून ५६ वर येतो. पेज टेबल (आभासी पत्ते खऱ्या पत्त्यांना जोडणारा तक्ता) तीनऐवजी दोन पातळ्यांचं, दर पानात १०२४ नोंदी, पत्त्याची फोड १०-१०-१२. एसकॉज या, कर्नलमध्ये का शिरलो ते सांगणाऱ्या रजिस्टरमधला इंटरप्टचा बिट ६३ वरून ३१ वर. हा राहिला की पहिल्याच इंटरप्टला पॅनिक, म्हणजे कर्नल एरर देऊन थांबतो.

मग कोडमधले सगळे यूइंट६४ (६४-बिट पूर्णांक) एका फटक्यात यूइंट३२ करायचा मोह होतो. करू नका. व्हर्टआयओच्या (आभासी डिस्कशी बोलायच्या पद्धतीच्या) डिस्क्रिप्टरमधला पत्ता आणि ब्लॉक रिक्वेस्टमधला सेक्टर हे दोन्ही ३२-बिट मशीनवरही ६४-बिटच असतात. डिस्क्रिप्टर १६ बाइट्सचा १२ झाला की डिस्क गप्प बसते, एररही येत नाही.

ईएलएफ या प्रोग्राम-फाइलच्या स्वरूपाची गंमत वेगळी. ३२-बिट प्रोग्राम हेडरमध्ये नुसती रुंदी कमी होत नाही, फ्लॅग्ज हे फील्ड दुसऱ्या जागेवरून सातव्या जागेवर जातं. क्रम जुनाच ठेवला तर मेमसाइझच्या जागी फ्लॅग्जचा ५ वाचला जातो, तो फाइलसाइझपेक्षा लहान निघतो आणि एक्झेक हा प्रोग्राम लोड करणारा कॉल मुकाट्याने -१ देतो. पडद्यावर दिसतं ते ‘इनिट एक्झिटिंग’, म्हणजे पहिली प्रोसेस इनिट संपली एवढंच. त्यावरून ईएलएफवर संशय जायला वेळ लागतो.

ते सुटलं की ‘फ्रीवॉक: लीफ’ हे पॅनिक: पेज टेबल मोकळं करताना एक नोंद उरलेली सापडली. ट्रॅम्पोलिन (यूजर आणि कर्नलमध्ये ये-जा करवणारा कोड) पत्त्यांच्या टोकाला, अगदी शेवटच्या ४ केबी पानात होतं. मॅपिंग काढणारा लूप ‘पत्ता < सुरुवात + लांबी’ एवढंच बघतो. सुरुवातीत ४०९६ मिळवले की ३२ बिटांत बेरीज शून्य होते, लूप एकदाही फिरत नाही आणि नोंद तशीच राहते. लूप दुरुस्त करण्यापेक्षा वरचं एक पान सोडून दिलेलं बरं: मॅक्सव्हीए (पत्त्यांची वरची मर्यादा) ४ जीबीला ४ केबी कमी, ट्रॅम्पोलिन त्याच्या खालच्या पानात. नाहीतरी २ चा ३२ वा घात ३२ बिटांत मावत नाही. मॅक्सव्हीए शून्य झालं तर वॉक या, पेज टेबलात नोंद शोधणाऱ्या फंक्शनमधली तपासणी पहिल्याच मॅपिंगला पॅनिक करते.

टायमरची चूक लगेच दिसत नाही. एमटाइम हा टायमरचा काउंटर ६४-बिटच आहे आणि व्हर्टवर तो सेकंदाला १ कोटी टिक मोजतो. पुढचा इंटरप्ट कोणत्या टिकला हे ठेवणाऱ्या एमटाइमसीएमपीचा फक्त खालचा ३२-बिट शब्द सांभाळून वरचा शून्य ठेवला, तर सुमारे ७ मिनिटं ९ सेकंदांनी एमटाइम कायमचा पुढे निघून जातो, इंटरप्ट उतरतच नाही आणि मशीन गोठतं. म्हणून खालच्या शब्दाच्या बेरजेचा हातचा एसएलटीयू या तुलनेच्या सूचनेने काढून वरच्यात मिळवायचा. लिहिताना आधी खालच्या शब्दात सगळे १, मग वरचा, मग खरा खालचा; नाहीतर मधल्या क्षणी खोटा इंटरप्ट सुटू शकतो. आणि हो, दर हार्टच्या (हार्डवेअर थ्रेडच्या) एमटाइमसीएमपीमधलं अंतर ८ बाइट्सच राहतं, ते निम्मं करू नका.

आता यूजरटेस्ट्स, म्हणजे एक्सव्ही६सोबत येणाऱ्या चाचण्या. मॅक्सव्हीएप्लस ही चाचणी पत्ता एकेक बिट डावीकडे सरकवत मॅक्सव्हीएच्या वर लिहून बघते. इथे पहिल्याच सरकवण्यात वरचा बिट गळतो आणि पत्ता मॅक्सव्हीएच्या खाली येतो. ‘ओके’ छापलं जातं, पण तिच्याऐवजी सोडून दिलेल्या त्या शेवटच्या पानावर थेट लिहून बघणारी चाचणी घालायची आहे.