पैसे कुणाच्या खात्यात गेले, ते दाखवा

एका वित्त कंपनीचं छोटं कर्ज मी पूर्वी घेतलं होतं आणि वेळेत फेडलंही होतं. त्या कंपनीचा डेटा फुटला. कर्ज बंद होऊन बराच काळ झाला, तरी माझं पॅन, आधारची प्रत, पगाराच्या स्लिपा, बँक स्टेटमेंट सगळं त्यांच्याकडे पडून होतं. कंपनीच्या ईमेलमध्ये ‘काही ग्राहकांची काही माहिती’ एवढंच लिहिलेलं. माझी आहे का, कोणती आहे, याबद्दल अक्षर नाही. पण माझा खरा जीव काढला तो दुसऱ्याच एका कर्ज कंपनीने. तिचं नावही मी कधी ऐकलं नव्हतं आणि तिच्या दप्तरी मी थकबाकीदार होते.

सुरुवातीची कामं सोपी होती. आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं आणि आधार कुठे कुठे वापरलं गेलं याचा गेल्या सहा महिन्यांचा इतिहास पाहिला. दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवर माझ्या नावावर किती मोबाइल नंबर आहेत ते तपासलं. अनोळखी नंबर दिसला तर ‘हा माझा नाही’ असं तिथेच नोंदवता येतं. पासवर्ड बदलले, कार्डावरचे परदेशी व्यवहार बंद केले. खात्यातून पैसेच गेले असते तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला आणि लगेच बँकेला. रिझर्व्ह बँकेने जुलै २०१७ मध्ये घातलेल्या नियमानुसार चूक ना तुमची ना बँकेची, तिसरीकडेच कुठेतरी असेल आणि बँकेकडून सूचना आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत तुम्ही कळवलंत, तर नुकसान तुमच्या माथी येत नाही.

माझ्या खात्यातून रुपयाही गेला नाही. म्हणूनच डेटा फुटल्याची बातमी वाचून नुसतं बँक बॅलन्स बघून निश्चिंत होऊ नका. सगळे ‘सिबिल’ म्हणतात, पण क्रेडिट रिपोर्ट, म्हणजे तुमच्या कर्जांचा इतिहास, ठेवणाऱ्या संस्था, म्हणजेच क्रेडिट ब्युरो, चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीकडून वर्षातून एक पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. स्कोअरकडे नंतर बघा, आधी ‘एन्क्वायरी’चा भाग उघडा. कुणी तुमच्या पॅनवर कर्ज मागितलं की पहिली खूण तिथे उमटते. कर्जाची नोंद मागाहून येते. माझ्या रिपोर्टमध्ये दोन्ही होतं. अनोळखी कंपनीची एन्क्वायरी, आणि खाली तिचंच कर्ज, हप्ते थकलेले.

इथून मी अडकले.

ब्युरोकडे ऑनलाइन हरकत नोंदवली. ब्युरो स्वतःहून नोंद बदलत नाही. हरकत कर्ज देणाऱ्या कंपनीकडे जाते आणि ती म्हणेल तेच कायम होतं. कंपनीने ‘नोंद बरोबर आहे’ असं कळवलं आणि माझी हरकत बंद झाली. पुन्हा नोंदवली, पुन्हा तेच. कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला की ऐकायला मिळायचं, “मॅडम, लोन तुमच्याच पॅनवर आहे, ओटीपी व्हेरिफाय झालाय. फ्रॉड असेल तर एफआयआर पाठवा.” पोलीस ठाण्यात हवालदार सौजन्याने बोलले, पण म्हणाले, “ताई, कंपनीकडून लेखी आणा ना. कर्ज कुठलं, कधीचं, कुणी काढलं, काही कागदच नाही तर आम्ही लिहायचं काय?” कागद मागायला कंपनीकडे गेले तर उत्तर आलं की तपशील फक्त कर्जदाराला देतो, रजिस्टर्ड मोबाइलवरून मागा. तो मोबाइल माझा नाही, तक्रार तीच तर आहे! वसुलीचा फोन करताना मात्र मीच कर्जदार, आणि फोन माझ्याच नंबरवर. जिचा डेटा फुटला तिच्याकडे ‘माझी माहिती गेली आहे’ एवढं एक वाक्य लेखी मागितलं, तर ‘तपास सुरू आहे’ हे ठरलेलं उत्तर. तिघंही मला एकमेकांकडे पाठवत होते आणि थकबाकीचा आकडा व्याजाने वाढत होता.

या काळात मला जो संताप आला तो अजून उतरलेला नाही. घरी बोलताना आवाज चढायचा. कुठल्याही अनोळखी नंबरची रिंग वाजली की पोटात गोळा यायचा.

रिझर्व्ह बँकेचा नियम वाचायला चांगला आहे. एप्रिल २०२४ पासून हरकतीचा निकाल तीस दिवसांत लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला शंभर रुपये भरपाई. कंपनीने ब्युरोला २१ दिवसांत कळवायचं, आणि हरकत नाकारली तर कारणही द्यायचं. पण ‘नोंद बरोबर आहे’ असं चुकीचं उत्तर मुदतीत आलं की हरकत निकाली धरतात आणि भरपाईचा प्रश्नच उरत नाही. भरपाई उशिराची आहे, खोट्याची नाही. नियम करणाऱ्यांनी हे भोक बुजवायलाच हवं.

वळण आलं ते एका ओळखीच्या बँक अधिकाऱ्यांच्या बोलण्याने. ते म्हणाले, “तुम्ही कर्ज घेतलं नाही हे सिद्ध करत बसू नका, ते होणार नाही. पैसे कुणाच्या खात्यात टाकले हे त्यांना सांगायला लावा.” डिजिटल कर्जाबाबत रिझर्व्ह बँकेचे २०२२ पासून निर्देश आहेत. काही ठरावीक अपवाद सोडले तर कर्जाची रक्कम थेट कर्जदाराच्याच बँक खात्यात गेली पाहिजे. कराराची प्रत कर्जदाराच्या ईमेलवर किंवा एसएमएसवर पोहोचली पाहिजे.

मग मी कस्टमर केअर सोडलं आणि कंपनीच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे तक्रारींसाठी नेमलेल्या अधिकाऱ्याला, पत्र लिहिलं. नाव आणि पत्ता कंपनीच्या संकेतस्थळावर तळाशी बारीक अक्षरात असतो. गाऱ्हाणं चार ओळींत आटोपलं. बाकी सगळे प्रश्न होते. रक्कम कोणत्या बँकेच्या कोणत्या खात्यात जमा केली, यूटीआर, म्हणजे त्या बँक व्यवहाराचा क्रमांक, काय, ते खाते कुणाच्या नावाचं आहे हे तपासलं होतं का? अर्जावरचा मोबाइल आणि ईमेल कोणता? केवायसीचा फोटो किंवा व्हिडिओ पाठवा. अर्जाची तारीख, वेळ, आयपी पत्ता द्या. सही केलेला करार आणि की फॅक्ट स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य अटींचा कागद, पाठवा. सोबत माझ्या पॅनची प्रत आणि कर्ज दिलं गेलं त्या महिन्याचं माझं स्वतःचं बँक स्टेटमेंट जोडलं. शेवटी, तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यास बँका आणि वित्त कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाईन, असं लिहिलं. ईमेल केला आणि स्पीड पोस्टनेही पाठवलं. पोचपावती जपून ठेवा, लोकपालाकडे तीच लागते.

यावेळी उत्तर आलं. खाते माझं नव्हतं. मोबाइल माझा नव्हता. फोटोतली बाई मी नव्हते. पॅन आणि जन्मतारीख तेवढी माझी. तो कागद हातात आला तेव्हा मी खुर्चीत बसून रडले, सुटल्यासारखं वाटलं म्हणून.

त्या कागदावर पोलिसांनी लगेच गुन्हा नोंदवला, त्यात ओळख चोरीचं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६सी घातलं. कुणाला तिथेही नकार मिळाला तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते आणि त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. एफआयआरची प्रत गेल्यावर कंपनीने कर्ज रद्द करून ब्युरोंना कळवलं. लोकपालापर्यंत जावं लागलं नाही, पण तयारी केली होती, म्हणून दोन गोष्टी सांगते. तक्रार फुकट आणि ऑनलाइन करता येते, ती स्वतः किंवा अधिकृत प्रतिनिधीमार्फत करायची. वकिलामार्फत केलेली घेत नाहीत. आणि तोच वाद न्यायालयात चालू असेल तर लोकपाल हात लावत नाही. म्हणून क्रम आधी ठरवा.

राहिली ती डेटा सांभाळू न शकलेली कंपनी. बरेच जण म्हणतात, “आता नवा कायदा आलाय, २५० कोटींचा दंड आहे.” तो दंड २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात आहे खरा, पण तो सरकारजमा होतो. तुमच्या-माझ्या हातात त्यातलं काही येत नाही. शिवाय नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत आहे. नवा कायदा पूर्ण लागू झाला की माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३ए जाणार आहे. निष्काळजीपणामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई ज्याची माहिती फुटली त्याला याच कलमाने मागता येते, म्हणून ज्यांना ती मागायची आहे त्यांनी थांबू नये. पाच कोटींपर्यंतचा दावा राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतो, न्यायनिर्णय अधिकारी म्हणून. महाराष्ट्रात याच अधिकारात २०१३ मध्ये पुण्याच्या एका उद्योगाला त्याच्या खात्यातून गेलेल्या रकमेपोटी बँकेकडून ४५ लाख देण्याचा आदेश झाला होता. दुसरा मार्ग ग्राहक आयोगाचा, सेवेतली त्रुटी म्हणून. मुदत दोन वर्षं. एकाच डेटा फुटीत अडकलेले अनेक जण असतील तर आयोगाच्या परवानगीने सगळ्यांच्या वतीने एक तक्रार करता येते. दोन्हीकडे नुकसान दाखवावं लागतं. खोट्या कर्जाची नोंद, वसुलीचे फोन, त्या काळात नाकारलेलं खरं कर्ज, सगळ्याची नोंद तारखेसह ठेवा. मी आयटी सचिवांकडचा मार्ग धरला आहे, अर्ज गेला आहे.

डेटा फुटल्याचा ईमेल अजिबात पुसू नका, माझ्या अर्जाला जोडलेला पहिला पुरावा तोच आहे.

आणखी एक. कर्ज रद्द झाल्यावर कंपनीकडून ‘हे कर्ज फसवणुकीचं होतं, या व्यक्तीकडे काही येणं नाही’ असं पत्र मागून घ्या. ‘सेटल्ड’ हा शब्द कुठेही स्वीकारू नका. त्याचा अर्थ कर्ज तुमचंच होतं आणि तुम्ही कमी पैशांत मिटवलंत. माझ्या चारपैकी एका रिपोर्टमध्ये तोच शब्द आला होता. कंपनीच्या पत्राची प्रत जोडून हरकत घेतल्यावर तो निघाला.