दोष कुणात होता?

बारशाला जा, लग्नाला जा, कुणीतरी बाजूला घेऊन आवाज खाली आणून विचारतंच, "मूल व्हायला इतकी वर्षं लागली, दोष नेमका कुणात होता हो?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. माझ्यात. पण ते कळायला दोन वर्षं गेली, कारण मी तपासायलाच गेलो नव्हतो.

दोन वर्षं सगळं हिच्यावरच. थायरॉइड, अंड्यांचा साठा सांगणारी एएमएच ही रक्ततपासणी, पाळीच्या नवव्या दिवसापासून दिवसाआड सोनोग्राफी. गर्भनळ्या मोकळ्या आहेत का बघायला एचएसजी केली, त्या दिवशी येताना रिक्षात तिनं माझं मनगट इतकं आवळलं की वळ उठले. निम्म्याच्या आसपास जोडप्यांत पुरुषाचाही वाटा असतो, हे डॉक्टरीणबाईंनी पहिल्याच भेटीत सांगितलेलं. मी मान हलवली आणि बाहेर येऊन मावा मळला.

शेवटी गेलो तो नेमका गड्ड्याच्या, म्हणजे सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या दिवसांत. वीर्यपतनाला दोन ते सात दिवसांचा खाडा ठेवून नमुना द्यायचा. घरी घेतला तर तासाच्या आत लॅबमध्ये, आणि डबी गार पडू द्यायची नाही. बाळी वेशीत नंदीध्वज आलेले, पाऊल ठेवायला जागा नाही. सगळे हात वर करून 'हर्र बोला हर्र', आणि मी दोन्ही हात पोटावर, बनियनच्या आत डबी. बावन्नाव्या मिनिटाला पोचलो.

रिपोर्ट आला. एका मिलीत ८० लाख शुक्राणू; किमान १ कोटी ६० लाख हवेत. एका रिपोर्टवर काही ठरवत नाहीत, म्हणून महिन्याभरानं पुन्हा. तेच. मी टॉवेलच्या कारखान्यात, डाइंगला, दिवसभर वाफेत. वृषणांना तर अंगापेक्षा दोन-तीन अंश थंडावा लागतो. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने जातात, म्हणून मावा सोडून, पॅकिंगला बदली मागून तीन महिन्यांनी तिसरी तपासणी. आकडा सुधारला, पण जेमतेमच.

थेट आयव्हीएफ, म्हणजे अंडं आणि शुक्राणू लॅबमध्ये एकत्र आणणं, का नाही, हाही प्रश्न असतो. दोन्ही नळ्या बंद असतील, आकडा फारच खाली असेल, तर तेच. आमच्यासाठी आधी आययूआय: वीर्य धुऊन त्यातले चपळ शुक्राणू अंडं फुटायच्या वेळी बारीक नळीनं गर्भाशयात सोडतात. एका खेपेला शंभरात दहा-पंधराजणींनाच राहतं. हिला चौथ्या खेपेला राहिलं.

वर्षभरात राहिलं नाही तर जा, बाई पस्तिशीपुढची असेल तर सहा महिन्यांतच. पण दोघं जा.

आई अजून पाहुण्यांना सांगते, "सुनेची ट्रीटमेंट चालली होती." मी आतल्या खोलीतून ओरडतो, "माझी पण!"