मायची माघवारी

मुक्ताईनगरच्या माघवारीला दरवर्षी माय जायची. यंदा तिच्या नाकाला ऑक्सिजनची नळी, दिवसाचे किमान १५ तास. म्हणून चोपड्याहून दिंडीत मी निघालो. यावल, फैजपूर कधी मागे पडलं कळलं नाही.

सावद्याच्या अलीकडे मात्र भर दुपारी बसलोच. उजव्या टाचेला रुपयाएवढा फोड. टाळ वाजत पुढे गेले, कोणी वळूनही पाहिलं नाही. सगळ्यांचाच राग आला. तेवढ्यात केळीच्या बांधापाशी एक मावशी थांबल्या. “आठे बठ, भाऊ.” पिशवीतून सुईदोरा काढला, सुई काडीच्या जाळावर धरली, फोडातून दोरा ओवून तसाच ठेवला. दोऱ्यावरून पाणी थेंबथेंब गळू लागलं. मग त्या स्वतःचं पाऊल दाबत बसल्या. बोट उचललं तरी खड्डा तसाच.

मायच्या पायावर हाच खड्डा दोन वर्षं पाहिला होता. चालून सूज येते, असं वाटायचं. मूळ होतं फुप्फुसात. जिथे हवा पोहोचत नाही तिथल्या बारीक रक्तवाहिन्या फुप्फुस आवळून घेतं आणि रक्त हवेशीर भागाकडे वळवतं; ठिबकचा एक कॉक बंद करून पाणी दुसऱ्या ओळीला सोडावं तसं. पण अख्ख्या फुप्फुसालाच वर्षानुवर्षं ऑक्सिजन कमी पडला की सगळेच कॉक आवळतात. वाहिन्यांच्या भिंतीतला स्नायू जाड होतो, आतली वाट अरुंद होते. मग ऑक्सिजन दिला तरी ती पूर्ण मोकळी होत नाही. हृदयाची उजवी बाजू जोर लावून लावून फुगते, थकते, आणि पाणी पायात उतरतं.

माय तंबाखूला कधी शिवली नाही. पऱ्हाट्यांची चूल मात्र चाळीस वर्षं फुंकली. दिल्लीच्या डॉ. एस. पद्मावती यांनी १९५९ सालीच बायकांच्या या आजारामागे चुलीचा धूर असावा, असं लिहून ठेवलं होतं. तरी मायला दोन वर्षं नुसतं दम्याचं औषध मिळालं. आठवलं की अजून अंगाची आग होते.

“मावशी, रात्री आडवं झोपवतं का?”

“उशाले दोन गोधड्या लागतस.”

हृदयाची टू-डी इको तपासणी करा म्हणून मी हात जोडले. “मुक्ताईले भेटी लिऊ दे पहिले,” म्हणाल्या. संध्याकाळपर्यंत त्यांच्याच चालीनं चाललो, दर झाडाखाली थांबत.

चांगदेवला संगमावर पाय बुडवले. मुक्ताईनगरला रांगेतून घरी फोन लावला. आधी मशीनची घरघर ऐकू आली, मग माय.

“बोलू नको. फोन टाळाकडे धर.”

धरला.